सुशिक्षितांची प्रौढशाळा : फ्रँकफर्टचं लेअरहाउस, 1920 ते 1938

प्रौढशिक्षण म्हटलं की आपल्याला रात्रशाळा आठवते, पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव गिरवणारी माणसं आठवतात. ऑक्टोबर 1920 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात जी प्रौढशाळा सुरू झाली, तिथे मात्र वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक आणि चांगल्या शिकल्यासवरल्या गृहिणी विद्यार्थी म्हणून बसल्या होत्या. कवी गटे त्यांच्या ओठांवर होता, तत्त्वज्ञ कांट त्यांना परका नव्हता. पण आजोबांचं प्रार्थनापुस्तक पुढ्यात ठेवलं तर त्यांतल्या कित्येकांना त्यातली एक ओळ धड वाचता येत नव्हती.

या शाळेचं नाव ‘फ्रायेस युडिशेस लेअरहाउस’, म्हणजे मुक्त ज्यू अध्ययनगृह. स्वतःची इमारत नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. पहिला बहर उणीपुरी सहा-सात वर्षं टिकला. तरीही ज्यू ग्रंथ, भाषा आणि इतिहास मोठ्या माणसांना कसे शिकवावेत हा विषय निघाला की या शाळेचं नाव आजही निघतंच. मला हे प्रकरण मोलाचं वाटतं ते एका कारणासाठी. परंपरेपासून तुटलेल्या माणसाला पुन्हा शिकायला बसवायचं, तर त्याला काय काय येत नाही याची यादी करून भागत नाही. तो आज जिथे उभा आहे तिथून सुरुवात करावी लागते. बोलायला हे सोपं आहे. फ्रँकफर्टमध्ये काही माणसांनी ते करून पाहिलं. काही बाबतींत ते जिंकले, काही बाबतींत फसले, आणि दोन्ही नीट सांगण्यासारखं आहे.

तुटलेपण कुठून आलं

1462 पासून फ्रँकफर्टचे ज्यू तीनशेहून अधिक वर्षं युडेनगासे नावाच्या एका चिंचोळ्या गल्लीत कोंडलेले होते. रॉथशिल्ड घराणं याच गल्लीतलं. हाल होते, दाटी होती, अपमान होते. पण शिकणं आणि जगणं वेगळं नव्हतं. दिवसा धंदा, संध्याकाळी बेत मिद्राशमध्ये, म्हणजे अध्ययनशाळेत, तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथाचं पान. ज्यू परंपरेत अध्ययन ही पोरवयात उरकून टाकायची गोष्ट नाही. म्हाताऱ्या माणसानेही जोडीदार घेऊन बसायचं, मोठ्याने वाचायचं, हुज्जत घालायची. पुरुषांपुरतं का होईना, प्रौढशिक्षण हे त्या समाजाचं नित्यकर्म होतं.

एकोणिसाव्या शतकात गल्लीची सक्ती संपली आणि 1864 मध्ये फ्रँकफर्टच्या ज्यूंना पूर्ण नागरी हक्क मिळाले. मुलं जिम्नॅशियममध्ये, म्हणजे जर्मन माध्यमिक शाळेत, मग विद्यापीठात गेली. जर्मन भाषा, जर्मन संगीत, जर्मन तत्त्वज्ञान त्यांनी अक्षरशः जीव लावून आपलंसं केलं. ज्यू शिक्षण मात्र शाळेतल्या आठवड्याच्या एक-दोन तासांत जाऊन बसलं आणि तेराव्या वर्षी बार मित्झ्वा हा वयात येण्याचा विधी झाला की तेही थांबलं. म्हणजे चाळिशीतल्या नामांकित वकिलाकडे कायद्याचं ज्ञान चाळिशीचं होतं, धर्माचं ज्ञान तेरा वर्षांच्या मुलाचं. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, वर्षातून मोठ्या सणांचे तीन दिवस जाणारे म्हणून अशा लोकांना ‘तीन दिवसांचे ज्यू’ म्हटलं जाई. त्याच्याही पुढे जाऊन बाप्तिस्मा घेणारे होतेच.

1920 च्या सुमारास शहरात साधारण 30,000 ज्यू होते. त्यांच्यातले निष्ठावान सनातनी आपल्या शाळा आणि येशिवा, म्हणजे तालमूदच्या पाठशाळा, सांभाळून होते. उरलेल्यांसाठी रब्बी (ज्यू धर्मगुरू) गेऑर्ग साल्झबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धानंतर लगेच ज्यू लोकशिक्षणाची एक संस्था काढली. व्याख्यानं होत. लोक येत, ऐकत, टाळ्या वाजवून घरी जात. त्या संस्थेने 1920 मध्ये तेहतीस वर्षांच्या एका माणसाला प्रमुख म्हणून बोलावलं आणि प्रकरणाला वळण मिळालं.

फ्रान्झ रोझेन्झ्वाइग

रोझेन्झ्वाइग कासेलच्या सुखवस्तू घरातला. वडिलांचा रंगांचा कारखाना. फ्रिडरिश माइनेके या मोठ्या इतिहासकाराच्या हाताखाली त्याने हेगेलच्या राज्यविचारावर प्रबंध लिहिला. त्याचे काही जवळचे नातेवाईक आधीच ख्रिस्ती झाले होते. जुलै 1913 मध्ये लाइपझिगला मित्र ऑयगेन रोझेनश्टॉक याच्याशी रात्रभर वाद झाला आणि आपणही बाप्तिस्मा घ्यायचा असं त्याने ठरवलं. फक्त एक अट घातली: ख्रिस्ती व्हायचं ते ज्यू म्हणून, कोरा माणूस म्हणून नाही. त्या शरद ऋतूत बर्लिनच्या एका छोट्या सनातनी सिनेगॉगमध्ये तो योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, प्रार्थनेला बसला. त्या दिवशी त्याच्या मनात काय घडलं याबद्दल तो जवळजवळ कधीच बोलला नाही. काही दिवसांनी नातेवाइकाला लिहिलेल्या पत्रात निर्णय तेवढा आहे: मी ज्यूच राहणार.

या प्रकरणासाठी महत्त्वाचं ते त्याच्यापुढचं. राहायचं ठरवलं, पण राहायचं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. सत्ताविशी ओलांडलेला हा डॉक्टरेट झालेला माणूस बर्लिनमध्ये तत्त्वज्ञ हेरमान कोहेन यांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागला, हिब्रू आणि ज्यू ग्रंथ शिकू लागला. बाहेरून आत येताना कुठे ठेच लागते, कुठे लाज वाटते, कुठे राग येतो, हे त्याने अंगावर घेतलेलं होतं.

युद्धात तो मॅसेडोनियाच्या आघाडीवर विमानविरोधी तोफखान्यात होता. ‘मुक्तीचा तारा’ हा त्याचा मोठा तत्त्वचिंतनपर ग्रंथ त्याने तिथे लिहायला घेतला आणि मजकूर लष्करी पोस्टकार्डांवरून आईकडे पाठवत राहिला. 1917 मध्ये कोहेन यांना उद्देशून त्याने एक जाहीर पत्रही लिहिलं होतं: ज्यू शिक्षणाची पुनर्रचना करा, विद्वान असलेले शिक्षक आणि शिक्षक असलेले विद्वान तयार करा. त्या प्रेरणेतून 1919 मध्ये बर्लिनला एक अकादमी निघालीही. पण ती संशोधनाकडे वळली. उत्तम ग्रंथ निघाले, शिकवणं बाजूला राहिलं. रोझेन्झ्वाइगला हे लागलं.

माइनेके यांनी त्याला विद्यापीठात अध्यापनाची वाट मोकळी करून दिली तेव्हा त्याने नकार दिला. ऑगस्ट 1920 च्या पत्रात त्याने कारण सांगितलं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या पत्रात आहे. विद्वत्तेने विचारलेल्या प्रश्नांत आता मला गोडी उरलेली नाही, असं तो लिहितो. माणूस म्हणून कुणी मला विचारलं, तर तिथे मी उत्तर द्यायला बांधलेला आहे. एका हुशार तरुणाने प्राध्यापकी सोडून गावातल्या प्रौढवर्गाचा कारभार घेणं घरच्यांना आणि गुरूंना कसं वाटलं असेल याची कल्पना करता येते.

उलट्या दिशेचं शिकणं

17 ऑक्टोबर 1920 रोजी लेअरहाउसच्या उद्घाटनाचं रोझेन्झ्वाइगचं भाषण झालं. त्यातला गाभा असा. आजवर ज्यू माणूस तोरापासून, म्हणजे मोशेच्या धर्मशास्त्रापासून, निघून जीवनाकडे जात होता. आता शिकण्याची दिशा उलटी करावी लागेल. तोरा ठाऊक नसलेल्या, किंवा ठाऊक नसल्याचं दाखवणाऱ्या जीवनातून निघायचं आणि तोराकडे यायचं. इथे येताना कुणी काही सोडून यायचं नाही. जर्मन साहित्य, विज्ञान, राजकारण, व्यवसाय, सगळं बरोबर घेऊन यायचं आणि त्याला परिघावरून केंद्राशी जोडायचं.

हे नुसतं सुंदर बोलणं राहिलं नाही याचं कारण त्याने शाळेची घडणच त्याबरहुकूम केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लिहिलेल्या एका निबंधात त्याने म्हटलं होतं की योजना, कार्यक्रमपत्रिका, मोठ्या संस्था यांची गरज नाही. बोलण्यासाठी एक खोली हवी आणि वेळ हवा. त्या खोलीत जो शिकवायला बसेल त्याला तिथेच विद्यार्थीही होता आलं पाहिजे.

म्हणून त्याने शिक्षक निवडले ते असे. रब्बी आणि पंडित होतेच, पण त्यांच्याबरोबरीने स्वतः नुकतेच शिकू लागलेले लोक होते. एडुआर्ड श्ट्राउस हे रसायनशास्त्रज्ञ; दिवसा प्रयोगशाळा आणि ठरलेल्या संध्याकाळी बायबलचा गट. रिखार्ड कोख हे डॉक्टर आणि वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक. श्ट्राउस यांच्या गटाची रीत साधी होती. एक उतारा घ्यायचा, सगळ्यांनी मिळून वाचायचा. हा भाग कुठल्या शतकात लिहिला गेला, किती हातांनी लिहिला, या विद्यापीठीय प्रश्नांत अडकून न पडता हे वाक्य इथे बसलेल्या आपल्याला काय विचारतंय याच्याशी थांबायचं, आणि ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं. लेअरहाउसच्या सर्व उपक्रमांत सगळ्यात चिवट ठरलेल्यांपैकी हा एक गट होता.

नवशिक्या माणसाला शिक्षक करणं हा धोका होता, पण त्यामागचा विचार पक्का होता. जन्मभर तालमूदमध्ये मुरलेल्या माणसाला समोरच्याची अडचण कळतच नाही, कारण त्याला ती कधी आलेलीच नसते. तो प्रश्न पुरता विचारून होण्याआधी उत्तर देतो. उलट दोन वर्षांपूर्वी त्याच ओळीवर अडलेला माणूस अडण्याची जागा ओळखतो. शिवाय प्रयोगशाळेतला माणूस बायबल उघडून बसलाय हे पाहून दुसऱ्या डॉक्टराची, वकिलाची भीड चेपते. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्याची पहिली अडचण बहुतेक वेळा लाज हीच असते.

दाराशी श्रद्धेची चौकशी नव्हती. सनातनी, उदारमतवादी, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारू पाहणारे झायोनिस्ट, झायोनिझमला विरोध करणारे, कशावरच विश्वास नसलेले, सगळे चालत. बायका पुरुषांबरोबर बसत, आणि शिकवतही. ज्यू महिला संघटनेच्या संस्थापक बेर्टा पापेनहाइम तिथे बोलल्या, कवयित्री-विचारवंत मार्गारेटे झुसमान बोलल्या. जुन्या बेत मिद्राशचं दार बायकांसाठी बंद होतं, हे लक्षात घेतलं तर याचं मोल कळतं. शुल्क मात्र रोझेन्झ्वाइगने मुद्दाम अगदी कमी ठेवलं नाही. ‘मुक्त’ याचा अर्थ त्याच्या लेखी फुकट असा नव्हता. ज्याला हवंय त्याने ते हवं असल्याची किंमत मोजावी असं त्याचं मत होतं. या मुद्द्यावर मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. महागाई वाढत चाललेल्या शहरात शुल्काने कुणाला दारातून परत पाठवलं हे वर्गात बसलेल्यांना दिसत नाही.

व्याख्यानमाला आणि छोटे अभ्यासगट अशी दुहेरी रचना होती. हिब्रूचे वर्ग सुरुवातीपासून होते, कारण प्रार्थना आणि ग्रंथ मूळ भाषेत वाचता आलेच पाहिजेत यावर रोझेन्झ्वाइग ठाम होता. 1920 ते 1926 या काळात 64 जणांनी मिळून 90 व्याख्यानमाला आणि सुमारे 180 अभ्यासगट चालवले. भरभराटीच्या काळात नोंदणी 1,100 च्या आसपास गेली. तीस हजारांच्या समाजात ही संख्या लहान नाही.

शिकवणाऱ्यांची नावं आज वाचली की थक्क व्हायला होतं. रब्बी नेहेमिया नोबेल, सनातनी असूनही गटेवर मनापासून प्रेम करणारे, ज्यांच्याभोवती शहरातली सगळी तरुण बुद्धिमान मंडळी गोळा झाली होती. विशीतला एरिख फ्रॉम, जो पुढे मनोविश्लेषक म्हणून जगभर गाजला. समाजशास्त्रज्ञ लिओ लोवेन्थाल. शिक्षणतज्ज्ञ अर्न्स्ट सिमॉन. हिब्रू कथाकार श्मुएल योसेफ अग्नोन, ज्यांना 1966 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. 1923 मध्ये पॅलेस्टाइनला जाण्यापूर्वीचे काही महिने ज्यू गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम तिथे होते आणि एका लहान गटाबरोबर बायबलमधलं दानिएलचं पुस्तक, झोहार हा गूढवादी ग्रंथ, अग्नोन यांच्या कथा मुळातून वाचत होते. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी जानेवारी ते मार्च 1922 मध्ये आठ व्याख्यानं दिली. ‘मी आणि तू’ या त्यांच्या पुढच्या वर्षीच्या ग्रंथाची जुळणी त्या व्याख्यानांत झाली.

कुठे अडलं

प्रकरण इथे थांबवलं तर ते गौरवगाथा होईल. लेअरहाउसच्या उणिवा त्याच्या रचनेतच होत्या.

पहिली, गर्दीची. नोबेल किंवा बूबर बोलणार म्हटलं की सभागृह भरे. पण या श्रोत्यांतले बरेच जण अभ्यासगटात उतरत नसत. मैफिलीला जावं तसे ते येत आणि जात. ज्या ऐकण्याच्या सवयीतून लोकांना बाहेर काढायचं होतं, तीच सवय नामवंतांच्या व्याख्यानांनी पोसली. खुद्द रोझेन्झ्वाइगची व्याख्यानं तर इतकी अवघड होत की लोक गळत जात. बोलण्यासाठी खोली मागणारा हा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की श्रोत्यांच्या डोक्यावरून जाई, आणि चार-सहा जणांच्या संभाषणात मात्र तो विलक्षण होता. त्याच्याच सिद्धांताचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

दुसरी, सखोलतेची. शहरातल्या सनातन्यांचा आक्षेप होता की आचरण न करता ग्रंथ वाचणं म्हणजे अर्धवट काम. दुसऱ्या टोकाने शोलेम यांना श्ट्राउस यांच्यासारखं प्रेरणेवर चाललेलं वाचन पटत नसे. भाषेची कष्टाची तयारी आणि मजकुराशी काटेकोरपणा त्यांना हवा होता. दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण ते आक्षेप घेणाऱ्यांच्या वर्गात हा वकील, हा डॉक्टर कधी आलाच नसता, हेही तितकंच खरं. दार आणि घर या दोन्हींची गरज असते. लेअरहाउसने दार उत्तम बांधलं. आत शिरलेल्याला पुढची दहा वर्षं कुठे न्यायचं याची वाट मात्र त्याने नीट आखली नाही.

याच काळातला एक दुसरा उपाय शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट 1923 मध्ये व्हिएन्नाच्या सनातनी परिषदेत पोलंडचे तरुण रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवलं की जगातल्या प्रत्येक ज्यूने रोज तालमूदचं एकच ठरलेलं पान शिकावं. त्या सप्टेंबरात ते सुरू झालं. 2,711 पानं, साडेसात वर्षांच्या आसपास एक फेरी, आणि फेऱ्या आजही चालू आहेत. शिस्त, ठरलेला क्रम आणि कुठल्याही गावी गेलात तरी तेच पान, हे या योजनेचं बळ. ज्याला पान वाचता येतं त्याच्यासाठी ती योजना अफाट आहे. फ्रँकफर्टच्या विद्यार्थ्याला मात्र ते पान उघडायचंच कशाला, इथपासून प्रश्न होता.

1922 नंतर

1922 च्या जानेवारीत रब्बी नोबेल पन्नाशीतच वारले. फेब्रुवारीत रिखार्ड कोख यांनी रोझेन्झ्वाइगच्या दुखण्याचं निदान केलं. शरीराचे स्नायू एकेक करून निकामी करणारा असाध्य आजार. डॉक्टरांच्या मते हाताशी फार तर एखादं वर्ष होतं. तो पुढे जवळजवळ आठ वर्षं जगला. 1922 संपता संपता लिहिता येईना, 1923 च्या वसंतात बोलणंही गेलं. कारभार आधी रुडोल्फ हालो याने, मग सहकाऱ्यांनी मिळून सांभाळला.

घरी त्याच्यासाठी खास टंकयंत्र आणलं होतं. तो खुणेने अक्षर दाखवी, पत्नी एडिथ ते छापे. पुढे हातही चालेना तेव्हा एडिथ मुळाक्षरं म्हणत जाई आणि तो पापणीने खूण करी. बहुतेक वेळा शब्द पुरा होण्याआधी तिला कळलेला असे. या रीतीने त्याने मध्ययुगीन कवी येहुदा हालेवी यांच्या कवितांचे जर्मन अनुवाद सटीप पुरे केले, शेकडो पत्रं लिहिली आणि 1925 पासून बूबर यांच्याबरोबर हिब्रू बायबलचा नवा जर्मन अनुवाद हाती घेतला. बूबर मसुदा पाठवत, तो शब्दाशब्दावर हरकती परत पाठवी. फ्रँकफर्ट विद्यापीठातलं ज्यू धर्मविचाराचं अध्यापनपद आधी नोबेल यांच्यासाठी ठरलं होतं, मग रोझेन्झ्वाइगसाठी. अखेर ते बूबर यांच्याकडे आलं, त्यामुळे त्यांचं शहरात नेमाने येणं होई. हा अनुवाद मोठ्याने वाचण्यासाठी आहे, श्वासाच्या मापाने ओळी तोडलेला. अभ्यासगटात वाक्य उच्चारून ऐकण्याची जी सवय होती, तिचाच हा विस्तार आहे असं मला वाटतं.

शाळा मात्र ओसरत होती. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडू लागले. अशा दिवसांत शुल्क आणि कार्यक्रम ठरवायचे कसे? चलन सावरलं, पण नवेपणाची ओढ गेली होती. 1926 नंतर नियमित व्याख्यानं थांबली, काही गट तेवढे चालू राहिले. दरम्यान श्टुटगार्ट, कोलोन, मानहाइम, ब्रेस्लाउ, बर्लिन अशा शहरांत त्याच धर्तीची अध्ययनगृहं निघाली होती. 10 डिसेंबर 1929 रोजी रोझेन्झ्वाइग गेला.

दुसरी पाळी

जानेवारी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा झाला. ज्यांनी तीन पिढ्या जर्मन होण्यात घालवल्या त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही जर्मन नाही. मग आम्ही कोण, या प्रश्नाला आता पळवाट नव्हती. 19 नोव्हेंबर 1933 रोजी बूबर यांनी लेअरहाउस पुन्हा उघडलं. 1934 मध्ये ज्यू प्रौढशिक्षणाचं एक मध्यवर्ती कार्यालय त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं आणि जर्मनीभर शिक्षकांची, तरुण कार्यकर्त्यांची निवासी अभ्याससत्रं घेतली जाऊ लागली. पॅलेस्टाइनला स्थायिक झालेले अर्न्स्ट सिमॉन मदतीसाठी काही काळ परत आले. 1934 च्या जर्मनीत परत येण्याला केवढी छाती लागली असेल!

दहा वर्षांपूर्वी जे फसलं होतं ते इथे सुधारलेलं दिसतं. नामवंतांच्या व्याख्यानांऐवजी काही दिवस एकत्र राहून एकच मजकूर वाचणं हा कामाचा कणा झाला. बैठकांना गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांची माणसं हजर असत. अशा वेळी स्तोत्रसंहितेतली दुष्टांबद्दलची, फारोबद्दलची वचनं वाचली की बोललं काय जातंय हे वर्गाला कळे आणि पहाऱ्यावरच्याला हरकत घेता येत नसे. पण त्यासाठी वर्गाला मूळ वचन ठाऊक असावं लागे. ज्या ग्रंथांशी 1920 मध्ये ओळख करून घ्यावी लागली होती, ते आता एकमेकांशी बोलायची भाषा झाले होते. फेब्रुवारी 1935 मध्ये बूबर यांच्या भाषणांवर बंदी आली. 1937 मध्ये तरुण धर्मचिंतक अब्राहाम योशुआ हेशेल यांनी फ्रँकफर्टला येऊन त्यांची जागा घेतली. मार्च 1938 मध्ये बूबर जेरुसलेमला गेले, ऑक्टोबरअखेर हेशेल यांना पकडून पोलंडला हाकलण्यात आलं, आणि नोव्हेंबरात सिनेगॉग जळाले. तिथे लेअरहाउस संपलं. 1941 च्या ऑक्टोबरपासून फ्रँकफर्टच्या ज्यूंना आगगाड्यांनी पूर्वेकडे नेलं जाऊ लागलं.

जेरुसलेमचा पुरवणी प्रयोग

1949 मध्ये बूबर यांनी जेरुसलेमला प्रौढांच्या शिक्षकांसाठी वर्षभराची निवासी शाळा काढली. नव्या इस्राएलमध्ये येमेन, इराक, मोरोक्को, रोमानिया अशा ठिकाणांहून लोक लोटत होते आणि छावण्यांत राहत होते; त्यांना शिकवणारे हवे होते. इथे फ्रँकफर्टचं सूत्र जसंच्या तसं लागू पडत नव्हतं. येमेनमधून आलेल्या कारागिराला तोरा तोंडपाठ होती. त्याला अनोळखी होतं ते मतदान, कारखाना, सरकारी कचेरी आणि रस्त्यावरची आधुनिक हिब्रू. परिघ आणि केंद्र यांची अदलाबदल झाली होती, म्हणून शिक्षकांना प्रत्येक गटासाठी निघण्याची जागा नव्याने शोधावी लागत होती.

त्याच वर्षांत आपल्याकडचे बेने इस्राएलही, म्हणजे कोकणातले मराठी ज्यूही, तिथे पोहोचत होते, किहीम, पेण, रोहे ही कोकणातली गावं आडनावांत घेऊन. त्यांचं धर्मशिक्षण तर मराठीतून झालेलं होतं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं त्यांनी मराठी कीर्तनांतून रंगवली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही कीर्तनातून बायबल कळत होतं. फ्रँकफर्टच्या प्राध्यापकांना जे अवघड गेलं ते कोकणच्या तेल्यांनी, सुतारांनी आणि पेन्शनर सुभेदारांनी आपल्या भाषेत साधलं होतं. पण नव्या देशात हिब्रू येत नाही म्हणजे ज्यूपण कमी, असा अनुभव त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला आला. त्यांच्या कीर्तनाला अध्ययन म्हणून ओळखेल असा वर्ग त्यांना क्वचितच मिळाला.

जेरुसलेमची शाळा 1953 मध्ये बंद झाली. 1980 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या लिमूड या वार्षिक मेळाव्याने लेअरहाउसची एक गोष्ट नेमकी उचलली: शिकवणाऱ्याने दुसऱ्या तासाला विद्यार्थी म्हणून बसायचं आणि नावाच्या बिल्ल्यावर पदवी लिहायची नाही. मोठी व्याख्यानं आणि छोटे गट यांचं प्रमाण किती ठेवायचं यावर तिथेही मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर व्याख्यानं निम्म्याने कमी करावीत आणि एकाच मजकुरावर वर्षभर टिकणारे दहा-बारा जणांचे गट वाढवावेत. फ्रँकफर्टमध्ये शेवटपर्यंत तग धरली ती अशाच गटांनी.